डोळ्यांचे टक्के, अक्षरांचे माप

दृष्टी किती गेली आहे हे सांगणारा कागद वेगळा आणि उरलेल्या दृष्टीने वाचता कसे येते हे सांगणारा कागद वेगळा. अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना महाविद्यालयात सोसाव्या लागणाऱ्या अनेक अडचणींचे मूळ या दोन कागदांना एकच समजण्यात आहे. पहिला कागद म्हणजे शासकीय रुग्णालयाने दिलेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. त्यावर टक्के असतात, शिक्का असतो, आणि तो नसेल तर हक्काची भाषाच बोलता येत नाही. दुसरा कागद म्हणजे विद्यार्थ्याला कोणत्या आकाराचे अक्षर, किती उजेडात, किती अंतरावरून आणि किती वेळ वाचता येते याची नेत्रतज्ज्ञाने केलेली नोंद. हा दुसरा कागद फार थोड्यांकडे असतो, कारण तो सहसा कोणी मागितलेलाच नसतो.

‘सोय’ हा शब्द मराठीत जरा हलका झाला आहे. सोय म्हणजे कोणी तरी केलेली मेहेरबानी, असा एक वास त्याला येतो, आणि परीक्षा विभागाच्या खिडकीवर ‘सवलत’ हा त्याचा जुळा भाऊ भेटला की तो वास अधिकच उग्र होतो. कायद्यातील कल्पना मात्र तशी नाही. १९९५ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी आलेला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा ‘वाजवी सोय’ अशी संकल्पना मांडतो. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क वापरता यावेत म्हणून, संस्थेवर बेसुमार बोजा न टाकता, चालू व्यवस्थेत केलेला आवश्यक आणि उचित फेरफार, असा तिचा अर्थ आहे. आणि अशी सोय नाकारणे हा भेदभावच होय, असे याच अधिनियमाच्या व्याख्येत नमूद आहे. अधिनियमाचे कलम १७ शिक्षणाकडे वळते. अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धती यांत योग्य ते बदल करावेत, उत्तरपत्रिकेसाठी वाढीव वेळ द्यावा, लेखनिक द्यावा, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट द्यावी, अशी उदाहरणे त्यात दिली आहेत. कलम ३२ प्रवेशासंबंधी आहे: शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी किमान पाच टक्के जागा राखाव्यात आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट द्यावी.

या दोन कलमांत एक फरक आहे आणि पुढचा सारा घोळ त्याच्याभोवती फिरतो. कलम ३२ मधील राखीव जागा ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित झाले आहे अशांसाठी आहेत. कलम १७ मधील परीक्षेच्या सोयींची तरतूद मात्र ‘दिव्यांग विद्यार्थी’ एवढेच म्हणते; तेथे चाळीसचा उंबरठा नाही. जागा राखून ठेवायची तर कोठे तरी रेघ मारावी लागते, हे समजण्याजोगे आहे. प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात छापून देण्यासाठी मात्र तशी रेघ लागत नाही. तरीही अनेक कार्यालयांत चाळीस हा आकडा सर्वच दारांना एकसारखे कुलूप म्हणून वापरला जातो.

हा आकडा निघतो कसा, हे पाहिले तर त्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा दोन्ही कळतात. उट्रेख्ट येथील डच नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन याने १८६२ मध्ये अक्षरांचा जो तक्ता तयार केला, त्याचीच रूपे आजही दवाखान्यांच्या भिंतींवर असतात. ६/६० हा अपूर्णांकासारखा दिसणारा आकडा प्रत्यक्षात दोन अंतरे सांगतो: निकोप डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येते, ते या व्यक्तीला ६ मीटरवर आणावे लागते. तक्त्याच्या माथ्यावरचे ते अक्षर सुमारे ८७ मिलिमीटर उंचीचे असते. यालाच दृष्टितीक्ष्णता म्हणतात. तिच्या जोडीला दृष्टिक्षेत्र मोजले जाते, म्हणजे नजर एका बिंदूवर खिळवून ठेवली असता भोवतालचा किती अंशांचा भाग दिसतो ते. रुग्णालयांत या चाचणीला सर्रास ‘फील्ड टेस्ट’ म्हणतात. अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे अधिक चांगल्या डोळ्याची तीक्ष्णता ३/६० पेक्षा कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असेल तर ते अंधत्व. आणि त्याच्या वरच्या, पण ६/१८ किंवा ४० अंश यांच्या खालच्या पट्ट्यात जे बसते ती अल्पदृष्टी.

येथे ‘अधिक चांगला डोळा’ आणि ‘शक्य तितके उत्तम चष्मे लावून’ हे दोन शब्दप्रयोग निर्णायक ठरतात. चष्म्याशिवाय ज्याला हातभर अंतरावरचे दिसत नाही, पण उणे बारा क्रमांकाची भिंगे लावल्यावर ज्याची दृष्टी ६/९ होते, त्याचे दिव्यांगत्व शून्य टक्के भरते. चष्म्याचा क्रमांक मोठा म्हणून टक्के मोठे, ही पालकांत रुजलेली समजूत रुग्णालयाच्या पहिल्याच फेरीत मोडते. तसेच एकाक्ष व्यक्तीचे. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा ६/६ ते ६/१८ या दरम्यान असेल, तर केंद्र शासनाच्या मूल्यमापन कोष्टकात त्याला ३० टक्के मिळतात. ते चाळीसच्या आत असल्याने राखीव जागा नाही. परंतु खोलीचा अंदाज नसल्याने प्रयोगशाळेत चंचुपात्रातून परीक्षानळीत द्राव ओतताना त्याची होणारी तारांबळ खरी असते आणि तिच्यासाठी सोय मागण्याचा त्याचा हक्क ३० टक्क्यांनी संपत नाही. चाळीस टक्के सुरू होतात ते दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६० या पट्ट्यात आल्यावर. दोन्ही डोळे ६/६० च्या खाली पण ३/६० पर्यंत असतील तर ७० टक्के. डोळ्यांसमोर हलणारा हात किंवा केवळ उजेड-अंधार एवढेच कळत असेल, अथवा तेही कळत नसेल, तर १०० टक्के. तक्त्यावरील ६/१८ ची ओळ आणि तिच्या वरची ६/२४ ची ओळ यांच्यात छापील अंतर बोटभर असते. कोष्टकात मात्र त्या दोन ओळींच्या मध्ये शून्य आणि चाळीस यांतले अंतर मावते.

आता या कोष्टकाची खरी अडचण. तीक्ष्णता कमी होणे आणि क्षेत्र आक्रसणे या दोन निराळ्या हानी ते एकाच मापात ओतते. एका विद्यार्थ्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आनुवंशिक विकार आहे, असे समजावे. या विकारात दृष्टिपटलाच्या कडेच्या पेशी आधी निकामी होतात, सुरुवात रातांधळेपणाने होते आणि पुढे नळीतून पाहावे तसे मधलेच दिसू लागते. दुसऱ्याला स्टारगार्ट विकार आहे. यात बहुधा शाळकरी वयातच दृष्टिपटलाच्या मधोमध असलेला, बारीक वाचनास लागणारा पीतबिंदू झिजतो आणि नजरेच्या केंद्रस्थानीच डाग पडतो, कडा मात्र शाबूत राहतात. पहिल्याचे क्षेत्र १५ अंश आणि दुसऱ्याची तीक्ष्णता ६/६० च्या खाली, असे झाले तर दोघे कोष्टकाच्या एकाच ओळीत येऊ शकतात. पण पहिला वर्तमानपत्रातील बारीक टाइप वाचू शकतो आणि जिन्याच्या पायरीला अडखळतो. दुसरा गर्दीतून सहज चालत येतो आणि फळ्यावरचे एक अक्षर त्याला लागत नाही. महाविद्यालयाने ‘अल्पदृष्टी, सत्तर टक्के’ एवढे वाचून दोघांनाही मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिका दिली, तर दुसऱ्याला तिचा आधार होईल, पण पहिल्याची अडचण वाढेल, कारण नळीतून पाहणाऱ्याला अक्षर जितके मोठे, तितकी कमी अक्षरे एका वेळी दिसतात, आणि ओळ संपून पुढच्या ओळीचे तोंड शोधण्यात त्याचा वेळ जातो. पहिल्याला हवे असते साध्या आकाराचे, ठळक, ओळींत मोकळी जागा असलेले छापील पान आणि संध्याकाळच्या पेपरला उजेडाची हमी. वर्णहीनतेचा विद्यार्थी, ज्याच्या त्वचेत आणि डोळ्यांत रंगद्रव्य कमी असते, त्याला उलट उजेडाचाच त्रास होतो. त्याचे आसन खिडकीपासून दूर हवे. टक्के या तिघांविषयी गप्प राहतात.

म्हणूनच दुसऱ्या कागदाची गरज. नेत्रवैद्यकात याला कार्यात्मक दृष्टीचे मूल्यमापन म्हणतात. ‘कार्यात्मक’ म्हणजे प्रत्यक्ष कामात दृष्टी कशी वापरली जाते त्यासंबंधीचे. जवळच्या वाचनासाठी अक्षरांचे माप ‘एन’ या खुणेने लिहितात आणि तिच्यापुढचा अंक छपाईतील पॉइंट दाखवतो: एन ८ म्हणजे आठ पॉइंटचे अक्षर, एन १८ म्हणजे अठराचे. जुजबी अहवालात ‘एन १८ पर्यंत वाचतो’ एवढेच येते. उपयोगी अहवाल त्यापुढे जातो. कष्टाने वाचता येणारे सर्वात लहान अक्षर आणि न थकता वाचता येणारे अक्षर यांत तो फरक करतो, कारण तीन तासांच्या पेपरला दुसरेच माप लागते. डोळा आणि कागद यांतले अंतर तो लिहितो. काळ्या-पांढऱ्यातला फरक फिका झाला तर किती ओळखू येते, म्हणजे कॉन्ट्रास्ट ओळखण्याची क्षमता, ती मोजतो. किती वेळाने डोळे थकतात, पाणी येते किंवा अक्षरे हलू लागतात याचीही नोंद घेतो. आजाराचे नाव, तो स्थिर आहे की वाढता, निदान केव्हा झाले, कोणत्या चाचण्यांवर ते आधारलेले आहे, विद्यार्थी भिंग, मोठ्या पडद्याचे यंत्र, संगणकावरील वाचक-प्रणाली किंवा ब्रेल यांपैकी काय वापरतो, आणि या सर्वांवरून कोणती सोय कशासाठी हवी, हे सांगून तो संपतो. यातला शेवटचा दुवा सर्वांत जास्त वेळा गळतो. ‘वाढीव वेळ द्यावा’ ही शिफारस झाली. ‘वाचनाचा वेग निम्म्यावर आला असल्याने वाढीव वेळ द्यावा’ हे कारण झाले, आणि परीक्षा विभागाला नाकारण्यास जड जाते ते कारण.

पहिल्या कागदाची वाट मात्र ठरलेली आहे. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे केंद्र शासनाच्या स्वावलंबन या संकेतस्थळावरूनच देण्याचे बंधन राज्यांवर आहे, आणि त्याच अर्जातून वैश्विक ओळखपत्र, म्हणजे सर्वजण ज्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात ते मिळते. महाराष्ट्रात हे काम जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतील जिल्हा रुग्णालये, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, आणि ठरवून दिलेली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये करतात. दृष्टीच्या बाबतीत प्रमाणपत्रावर संस्थाप्रमुखाच्या बरोबरीने नेत्रतज्ज्ञाची सही लागते. कार्डाच्या रंगावरून टक्क्यांचा पट्टा कळतो: चाळीसच्या आत पांढरे, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळे, ऐंशी व त्यापुढे निळे. पांढऱ्या कार्डाला घरात ‘बिनकामाचे’ म्हणण्याची जी पद्धत पडली आहे ती चूक आहे, कारण वाजवी सोय मागताना दिव्यांगत्व अस्तित्वात असल्याचा तोच शासकीय पुरावा असतो. प्रमाणपत्र देशभर ग्राह्य धरावे, असे अधिनियमात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे सोलापूरचा कागद हैदराबादच्या विद्यापीठात चालला पाहिजे. टक्के पटले नाहीत, तर अपील करण्याचीही तरतूद अधिनियमात आहे.

तपासणीला जाताना जुने केसपेपर, शस्त्रक्रियेची कागदपत्रे आणि चाचण्यांचे अहवाल बरोबर असणे हे शिस्तीपेक्षा अधिक कारणासाठी लागते. अक्षरे वाचण्याची चाचणी ही मुळात उत्तरे देणाऱ्याच्या बोलण्यावर अवलंबून असते आणि ‘दिसत नाही’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत वरवर काही दोष दिसत नसेल, तर तपासणाऱ्याला शंका येणे स्वाभाविक असते. स्टारगार्ट किंवा दृष्टिचेतेच्या विकारांत आरंभी बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो. अशा वेळी दृष्टिपटलाच्या थरांचे छेदचित्र देणारी ओसीटी, दृष्टिपटलाचा विद्युत-प्रतिसाद मोजणारी ईआरजी, किंवा मेंदूपर्यंत पोहोचणारा संदेश तपासणारी व्हीईपी या चाचण्या विद्यार्थ्याच्या शब्दाला साक्ष देतात. २०२४ मध्ये पुण्यातील एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला आणि तेव्हापासून पडताळणीची भाषा अधिक कडक झाली. खोट्या प्रमाणपत्राने राखीव जागा जाते हे खरेच. पण संशयाची किंमत ज्यांनी कधी खोटे केले नाही तेच पुन्हापुन्हा तपासणीला उभे राहून मोजतात, हेही तितकेच खरे आहे.

वाढत्या आजारांत हे पुन्हापुन्हा उभे राहणे अपरिहार्य ठरते. प्रमाणपत्र कायमस्वरूपी किंवा ठराविक मुदतीचे असू शकते. अकरावीत ५० टक्के असलेली दृष्टी पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत ८० टक्क्यांच्या ओळीत गेली, तर जुना कागद वैध राहूनही निरुपयोगी होतो, कारण त्यावरून मागितलेल्या सोयी कालच्या डोळ्यांसाठी असतात. उलट जन्मजात पूर्ण अंधत्व असलेल्या विद्यार्थ्याकडून दर वर्षी ‘अलीकडचे प्रमाणपत्र’ मागणे हा निव्वळ कागदी सोपस्कार आहे. नसलेला डोळा वर्षभरात परत येत नाही, एवढे समजण्यास वैद्यकीय ज्ञान लागू नये.

लेखनिकाचा विषय स्वतंत्रपणे पाहावा लागतो, कारण कागदांचा सर्वांत मोठा गुंता तेथे आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अंधत्व, दोन्ही हातांचे दिव्यांगत्व आणि मेंदूचा पक्षाघात या गटांतील लक्षणीय दिव्यांगांना, त्यांची इच्छा असल्यास, लेखनिक द्यावाच असे म्हटले. इतर गटांना मात्र लिहिण्यास शारीरिक अडचण असल्याचे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा तत्सम अधिकाऱ्याचे वेगळे प्रमाणपत्र, ठरवून दिलेल्या नमुन्यात, जोडणे आवश्यक ठरवले. अल्पदृष्टीचे नाव पहिल्या यादीत नव्हते. परिणाम असा की ६० टक्के अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्याने यूडीआयडी कार्ड पुढे केले, तरी ‘लेखनिकासाठीचा नमुना कोठे आहे’ असे त्याला विचारले जाऊ शकते, आणि तो नमुना त्याच रुग्णालयातून, दुसरी फेरी मारून आणावा लागतो. पहिल्या तपासणीच्या दिवशीच हा नमुना भरून घेतला तर एक खेप वाचते, हे ज्याला ठाऊक असते तो शहाणा ठरतो. २०१८ च्या याच सूचनांत लेखनिक घेणाऱ्याला दर तासाला किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ ठरवला होता, आणि लेखनिक न घेणाऱ्या लक्षणीय दिव्यांगालाही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जास्त देता येत असे. विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने त्याच्यापेक्षा एक पायरी खालचा असावा, अशी अट त्यांत होती. फसवणूक टाळण्यासाठी ती घातली गेली हे उघड आहे; परंतु भौतिकशास्त्राच्या पदवीच्या पेपरात समाकलनाचे चिन्ह कधी न पाहिलेला लेखनिक बसला, की गुण कोणाच्या अज्ञानाचे जातात हे पाहण्याची सोय कोणत्याही नमुन्यात नाही.

चाळीसच्या आतल्यांचे काय, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात उत्तर दिले. खटला दृष्टीचा नव्हता. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराचा होता. परंतु न्यायालयाने मांडलेले तत्त्व सर्वांना लागू पडते: ‘दिव्यांग व्यक्ती’ आणि ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ या दोन भिन्न संज्ञा आहेत, आणि वाजवी सोय पहिलीसाठीही आहे. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी चाळीस टक्क्यांच्या आतील, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना आल्या, आणि ३ फेब्रुवारी २०२५ च्या गुलशन कुमार खटल्याच्या निकालात परीक्षेतील सोयी सर्व दिव्यांग उमेदवारांपर्यंत नेण्यास न्यायालयाने सांगितले. एवढे होऊनही कार्यालयीन सवय निकालापेक्षा हळू बदलते, म्हणून अर्जात निकालाचे नाव आणि तारीख लिहिणे शहाणपणाचे ठरते. तोंडी सांगितलेला कायदा खिडकीपलीकडे फारसा ऐकू जात नाही.

महाविद्यालयात आल्यावर दोन्ही कागद द्यायचे कोणाला, हाही प्रश्नच असतो. राज्य मंडळाने दहावी-बारावीला दिलेली परवानगी विद्यापीठात आपोआप चालत येत नाही. नवा अर्ज करावा लागतो, तोही परीक्षा अर्जाच्या बरोबर किंवा त्याआधी, प्राचार्यांमार्फत, पोच घेऊन. संपूर्ण वैद्यकीय अहवाल प्रत्येक प्राध्यापकाच्या हाती जाण्याचे मात्र काही कारण नाही. समान संधी कक्ष किंवा दिव्यांग विद्यार्थ्यांचे काम पाहणारा जो कोणी असेल, त्याने अहवाल आपल्याकडे ठेवून ‘या विद्यार्थ्याला पाठ्यसामग्री आधी, युनिकोडमध्ये द्यावी, फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचावे’ एवढेच शिक्षकांना कळवले तरी पुरते. विद्यार्थ्याच्या दृष्टिपटलात काय झाले आहे ही माहिती त्याची आहे, वर्गाची नव्हे.

युनिकोडचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. मराठीतून शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्याची अडचण इंग्रजीतून शिकणाऱ्यापेक्षा एका पायरीने मोठी असते. एनव्हीडीए ही मोफत मिळणारी वाचक-प्रणाली मराठी बोलते. पण ती वाचते युनिकोडमधला मजकूर. जुन्या टंकांत, म्हणजे कृतिदेवसारख्या अक्षरसंचांत टाइप केलेले प्रश्नसंच पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतात आणि कानाला रोमन अक्षरांचा चिवडा ऐकू येतो, कारण संगणकाच्या लेखी ते मराठी नसतेच. वर्षानुवर्षे झेरॉक्स होत आलेल्या नोट्सचा मोबाइलवर काढलेला फोटो तर वाचक-प्रणालीला कोरे पानच. म्हणून सोयींच्या अर्जात ‘मजकूर युनिकोडमध्ये’ ही ओळ लेखनिकाच्या ओळीइतकीच आवश्यक आहे, आणि तिला खर्च जवळजवळ काही नाही. पुस्तके सुलभ रूपात आणून देण्याला प्रताधिकाराचा अडसर आता राहिलेला नाही: २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात अपवाद आला, आणि २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणाऱ्या देशांत भारत पहिला होता. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयाचे सदस्यत्व याच आधारावर मिळते. त्यासाठीही छापील मजकूर वाचता येत नसल्याचा पुरावा लागतो, म्हणजे पुन्हा तो पहिला कागद. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये उभे राहिलेले दृष्टिबाधितांसाठीचे साधनकेंद्र हे, महाविद्यालयाच्या आवारात अशी यंत्रणा उभी राहू शकते, याचे राज्यातील ठळक उदाहरण होय. अशी उदाहरणे जिल्ह्याच्या गावीही असायला हवी होती.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना या दोन कागदांतला फरक विमानातून उतरल्यावर कळतो. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ आणि १९९० चा दिव्यांगांविषयीचा कायदा यांच्या आधारे विद्यापीठे सोयी देतात. तेथेही २०/२०० तीक्ष्णता किंवा २० अंश क्षेत्र अशी ‘कायदेशीर अंधत्वा’ची व्याख्या आहे, परंतु ती प्रामुख्याने भत्ते व तत्सम लाभांसाठी; विद्यापीठाच्या दिव्यांग सेवा कार्यालयाला तिच्यात विशेष रस नसतो. तेथील उच्च शिक्षणात दिव्यांग सेवेचे काम करणाऱ्यांच्या एहेड या संघटनेने २०१२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात तर विद्यार्थ्याचे स्वतःचे कथन हा पहिला पुरावा, त्याच्याशी झालेली बातचीत व निरीक्षण हा दुसरा आणि बाहेरच्या तज्ज्ञांचे कागद हा तिसरा, असा क्रम लावला आहे. प्रत्यक्षात बरीच विद्यापीठे डॉक्टरांचा अहवाल मागतातच, पण त्यात त्यांना हवे असते ते दृष्टीच्या मर्यादेचा शिक्षणावर काय परिणाम होतो याचे वर्णन. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने विद्यापीठांवर अशीच जबाबदारी टाकली आहे. निळे यूडीआयडी कार्ड तेथे कुतूहलाने पाहिले जाईल; त्यावरून नेमकी कोणती सोय द्यावी हे मात्र ठरणार नाही. निघण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडून इंग्रजीत, सही-शिक्क्यासह, कार्यात्मक अहवाल घेणे हे व्हिसाच्या कागदांइतकेच महत्त्वाचे आहे.

विद्यार्थ्याचा शब्द हा पहिला पुरावा मानण्याची ती पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालेल असे नाही. राखीव जागा असलेल्या व्यवस्थेत टक्क्यांचा हिशेब लागणारच. परंतु जागा मिळाल्यानंतर तोच हिशेब प्रत्येक पेपरला, प्रत्येक पुस्तकाला आणि प्रत्येक प्रयोगाला लावण्याची गरज नाही. तेथे विद्यार्थ्याला ‘तुला कसे वाचता येते’ हे विचारणे आणि त्याच्या उत्तराला डॉक्टरांच्या एका पानाची जोड घेणे पुरेसे आहे. प्रमाणपत्राच्या नमुन्यातच, टक्क्यांच्या खाली, वाचता येणाऱ्या अक्षराचे माप आणि सुचवलेल्या सोयी यांसाठी चार ओळी ठेवल्या, तर लाखो फेऱ्या वाचतील. नेत्रतज्ज्ञ समोर बसलेलाच असतो आणि तक्ता भिंतीवर असतोच.

तोपर्यंत काम विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीच वेळेत करायचे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारलेल्या नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली आहे. बारावीचा निकाल आणि प्रवेशाची शेवटची तारीख यांच्यामध्ये तीन महिने सहसा नसतात. अर्ज अकरावीत करावा, आणि तपासणीच्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडून वाचता येणाऱ्या अक्षराचे माप लिहून घेतल्याशिवाय उठू नये.